ब्लाउजच्या गळ्याला हाफ फूटने पायपिंग

पायपिंगला, म्हणजे आत दोरी घातलेल्या कापडी पट्टीच्या किनारीला, मशीनचा साधा फूट (कापड दाबून धरणारा पाय) चालत नाही. तो दोरीवर चढतो आणि टीप दूर पडते. हाफ फूट, म्हणजे एकाच बाजूने दाबणारा अरुंद फूट, लावा, हातचाक फिरवून सुई त्याला घासत नाही ना ते पाहा. पट्टी 3 सेंमी रुंद, 45 अंशांत उरेब (तिरकी) कापलेलीच हवी. सरळ पट्टीने गोल गळ्याला चुण्या पडतात. सुती दोरी आधी भिजवून वाळवा, नाहीतर धुतल्यावर गळा आवळतो.

पट्टीत दोरी घालून 3.5 मिमीच्या टाक्याने टीप मारा, अगदी चिकटून नको. गळ्याला जोडताना टाका 2.5 मिमी, आणि ही टीप मात्र दोरीला चिकटून. नाहीतर सुलट बाजूने पहिली टीप डोकावते. गोलाईवर पट्टी ओढायची नाही. मग आतल्या मार्जिनला (टिपेबाहेरच्या शिल्लक कापडाला) सेंटिमीटरभर अंतराने कात्रे द्या, टिपेला धक्का न लावता.