गाडीचा इशारा वेळेवर मिळावा म्हणून या चुका टाळा

समोरच्या वाहनाला धडक बसण्याचा धोका ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा आता बडोद्यातल्या अनेक नव्या गाड्यांत असते, आणि तिच्याविषयीची तक्रारही ठरलेली असते: मांडवीच्या गर्दीत ती उगाचच वाजत राहते. मग सेटिंगमध्ये जाऊन इशाऱ्याची वेळ ‘उशिरा’वर नेली जाते. सर्वांत महागात पडू शकणारी चूक हीच आहे, कारण ते सेटिंग सहसा तसेच राहते आणि सुट्टीच्या दिवशी तीच गाडी दुमाड चोकडीवरून अहमदाबादच्या एक्स्प्रेस वेवर चढते.

तिथला हिशेब वेगळा आहे. ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर पुढे जाते. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबूनही थांबायला साधारण 55 मीटर लागतात. त्याआधी पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत दीड सेकंद गेला, तर आणखी 42 मीटर जातात. पुढे ट्रक उभा असेल, तर या एकूण 97 मीटरसाठी इशारा धडकेच्या साडेतीन सेकंद आधी मिळाला पाहिजे. दोन सेकंद आधी मिळाला, तर हाती फक्त 56 मीटर उरतात. रस्त्याकडे पाहणाऱ्याने ट्रक एव्हाना पाहिलेला असतो. ज्याची नजर मोबाइलवर आहे, त्याला मात्र आधी मान वर करून काय चालले आहे ते समजून घ्यावे लागते, म्हणजे ज्याच्यासाठी ही यंत्रणा बसवली, त्यालाच ‘उशिरा’चा इशारा सर्वांत कमी उपयोगी पडतो.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवण्याची नक्कल करणाऱ्या यंत्रावर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लवकर दिलेल्या इशाऱ्याने उशिराच्या इशाऱ्यापेक्षा अधिक धडका टळल्या. त्याचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे: इशाऱ्यामुळे चालकांचा पाय ॲक्सिलरेटरवरून लवकर उठला. शहराबाहेर पडताना सेटिंग ‘लवकर’वर आणावे आणि शहरातल्या बीपचा त्रास होत असेल, तर आधी पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढवून पाहावे, अर्थात रावपुऱ्यात अंतर ठेवले की त्यात स्कूटर शिरते, हे मान्य.

सेटिंग योग्य असूनही इशारा उशिरा येत असेल किंवा भलत्याच वेळी येत असेल, तर दोष बहुधा यंत्रणेच्या नजरेसमोर काहीतरी आडवे येण्यात असतो. कॅमेरा बहुतेक गाड्यांत आतल्या आरशामागे, काचेला लागून असतो आणि रडार पुढच्या जाळीत किंवा बंपरमध्ये असते. दसऱ्याला बांधलेला झेंडूचा जाड हार सुकून तसाच लोंबत राहतो, काचेवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक नेमके कॅमेऱ्यापुढे येते, नंतर बसवलेला लोखंडी गार्ड रडारला आडवा येतो. पूजा अवश्य करावी, पण त्या दोन जागा मोकळ्या ठेवाव्यात. पुढची काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा आणि मोजमाप पुन्हा जुळवून घेणे, बऱ्याच गाड्यांत आवश्यक असते. काच स्वस्तात बसवून देणाऱ्याला याबद्दल आधीच विचारावे. इशाऱ्याचा आवाज सर्वांत कमी करून गाणी मोठ्याने लावणाऱ्यांविषयी वेगळे काही लिहायला नको.

चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कॅमेऱ्यावर विसंबणे ही आणखी एक चूक. युरोपीय संघाच्या नियमांनुसार नजर रस्त्यावरून ढळल्याचा इशारा ताशी 50 किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाला साडेतीन सेकंदांनी आणि 20 ते 50 च्या दरम्यान सहा सेकंदांनी द्यावा लागतो. ताशी 100 च्या वेगाने साडेतीन सेकंदांत गाडी 97 मीटर गेलेली असते, म्हणून ही मुदत मोबाइल पाहण्याची सवलत समजू नये. शिवाय हा कॅमेरा स्टिअरिंगमागे असेल आणि स्टिअरिंग चुकीच्या उंचीवर ठेवले असेल, तर त्याला चेहरा दिसतच नाही. आसन आणि स्टिअरिंग आपल्या उंचीप्रमाणे जुळवून घेतल्यावर तो झाकला तर जात नाही ना, हे गाडी उभी असतानाच तपासावे.