नवीन टँकमधे मासे मरतायत? औषध नंतर, आधी पाणी बघा

टँक लावून आठ-पंधरा दिवस झालेत आणि मासे वर येऊन तोंड उघडबंद करतायत, खायला टाकलं तरी येत नाहीत, एखादा कोपऱ्यात तळाशी बसून राहिलाय, तर प्लीज लगेच दुकानातलं निळं औषध ओतू नका. नवीन टँकमधे बहुतेक वेळा रोग नसतो, पाणी बिघडलेलं असतं, आणि औषधाने फिल्टरमधले चांगले जीवाणू मेले की ते आणखीच बिघडतं.

होतं काय, तर माशांची घाण आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. तो खाणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात जे बरंच निरुपद्रवी असतं. ही साखळी बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात आणि आपण पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडतो. नायट्राइट रक्तात गेलं की रक्ताला ऑक्सिजन धरता येत नाही, म्हणून एअर पंप जोरात चालू असूनही मासे धापा टाकतात.

म्हणून पहिला खर्च थेंबांच्या टेस्ट किटवर करा. अमोनिया किंवा नायट्राइट ०.५ पीपीएमच्या (म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम) आसपास किंवा वर दिसलं तर त्याच दिवशी २५-३० टक्के पाणी बदला, उद्या परत मोजा, गरज असेल तर परत बदला. दोन दिवस खाणं बंद, मोठे मासे त्याने मरत नाहीत. नायट्राइट असेल तर लिटरला १ ग्रॅम साधं खडेमीठ विरघळवून थोडं थोडं घाला, झाडं जास्त असतील तर अर्धंच. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा.

आता आपल्याकडचं पाणी. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात, नळालाही क्लोरीन असतं, ते माशांच्या कल्ल्यांना जाळतं आणि जीवाणूही मारतं. अँटिक्लोरिन वापरा, नाहीतर पाणी उघड्या बादलीत एअर स्टोन लावून २४ तास ठेवा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती कोणी सांगत नाही. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बऱ्याचदा मऊ आणि आम्लधर्मी असतं, त्यात पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचं माप) धरून ठेवणारे क्षार कमी, त्यामुळे टँकमधला पीएच हळूहळू ६ च्या खाली घसरतो आणि तिथे जीवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. स्वच्छ धुतलेले, उकळलेले शिंपले मूठभर फिल्टरमधे ठेवले की पीएच सावरतो, गप्पी आणि मॉलीला तर जास्त क्षारांचं जड पाणीच आवडतं. पण अमोनिया आधीच साठलेला असेल तर पीएच एकदम वर नेऊ नका, २५ डिग्रीला पीएच ७ असताना अमोनियाचा विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या जरा वर असतो आणि ८ ला तो ५ टक्क्यांवर जातो! आधी पाणी बदलून अमोनिया कमी करा, मग शिंपले. किनाऱ्यावरची वाळू तळाला घालायचा मोह मात्र आवरा, तिच्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी किती बदलेल यावर आपला ताबा राहत नाही.

पाणी ठीक आहे आणि अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आहेत, मासे दगडाला अंग घासतायत, तर तो इच, हा खरा रोग. ठिपक्यातल्या परजीवीवर औषधाचा परिणाम होत नाही, तो सुटून पाण्यात पोहत असतानाच मरतो, म्हणून ठिपके गेले तरी उपचार आठवडाभर चालू ठेवायचे. हीटरने दिवसाला एक-दोन डिग्री करत ३० पर्यंत न्या, हवा वाढवा कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, मीठ दोन दिवसांत लिटरला २ ग्रॅमपर्यंत. गोल्डफिशला एवढी उष्णता नको, त्याला वेगळ्या टबात औषध द्या. शेपटी कुरतडल्यासारखी दिसत असेल तर पाणी सुधारल्यावर बऱ्याचदा आपोआप भरून येते.

पावसात लाईट गेली की बॅटरीवरचा एअर पंप लावा, तो नसेल तर तांब्याने पाणी उचलून वरून ओतत रहा. बाहेरचा बंद डब्याचा फिल्टर तीन-चार तास बंद राहिला तर आतलं कुजकं पाणी ओतून मगच चालू करा.

अमोनिया आणि नायट्राइट आठवडाभर शून्य दिसल्याशिवाय नवीन मासे आणू नका, आणलेत तरी दोन-दोन करून, आणि आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून.