रत्नागिरीहून ताडोबा: आधी गेट, मग गाडी

‘आधी रेल्वेचं तिकीट काढून ठेवा, सफारी काय, मिळतेच’ असं सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. सफारी मिळत नाही. एका जिप्सीत सहाच पर्यटक, आणि गेटातून आत सोडायच्या गाड्याही मोजून.

तारीख ठरवा. एप्रिल-मे वाघ दिसायला उत्तम, पण तेव्हा आपण आंब्याच्या पेट्या भरत असतो. मी पेट्या संपल्यावर, मिरगाआधी जातो. ऊन भाजून काढतं, पण वाघही पाणवठा धरून असतो. मंगळवारी सफारी बंद. पावसाळ्याचे तीन महिने कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद.

आता गेट, म्हणजे जंगलात शिरायचं दार. अशी दारं अनेक, आणि इथेच मी आपटलोय. खोली स्वस्त मिळाली म्हणून मोहर्लीत घेतली आणि जागा दिसली म्हणून सफारी कोलाऱ्याची काढली. नकाशात दोन्ही नावं एकाच हिरव्या डागाला चिकटलेली! प्रत्यक्षात मोहर्ली चंद्रपूरच्या अंगाला, कोलारा चिमूरच्या. मधल्या जंगलातून रात्री जाता येत नाही. पहाटे तीनला निघून बाहेरून वळसा घातला, आई मागच्या सीटवर पिशवी धरून बसलेली, आणि पोचलो तेव्हा जिप्स्या आत गेलेल्या. पैसे बुडाले.

म्हणून आधी गेट, मग त्याच गेटाची सफारी, मग त्याच गेटाजवळ खोली. खोलीवाल्याला विचारा, ‘गेट किती मिनिटांवर?’ ‘जवळच आहे हो’ म्हणाला तर फोन ठेवा. आणि बुकिंग वनविभागाच्या संकेतस्थळावरूनच. तशीच दिसणारी दुसरी पानंही असतात. नावं ओळखपत्रावरच्यासारखी लिहा. आमच्या बाळाकाकांचं खरं नाव गजानन आहे, हे मला फॉर्म भरताना कळलं. मूळ ओळखपत्र सोबत न्या.

सफारी हातात आली की त्याच बैठकीत गाडी, नाहीतर आरक्षण उघडेल त्या दिवशी. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. मडगाव-नागपूर विशेष गाडी चालू असेल तर सोनं. नाहीतर ठाण्याला उतरून नागपूरची गाडी पकडा. पोचायचा दिवस आणि पहिली सफारी यांत एक रात्र मोकळी ठेवा, गाडी रखडतेच.

थंडीत जाणार असाल तर स्वेटर उसना घ्या. रत्नागिरीकराच्या कपाटात तो नसतो, आणि उघड्या जिप्सीत पहाटे दात वाजतात.