करारातील रकमेची मर्यादा कशी लिहावी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील बराचसा व्यापार उधारीवर चालतो. रावेर-सावद्याकडचा केळीचा व्यापारी उत्तर भारतातील अडत्याला माल पाठवतो, जिनिंगवाला, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई करणारा, सूतगिरणीला रुईच्या गाठी मुदतीवर देतो, आणि हंगामाच्या भांडवलासाठी दोघेही बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल करता येणारे कर्ज, घेतात. अशा करारांत बहुधा एक वाक्य असतेच: येणे रक्कम अमुक लाखांच्या वर गेल्यास पुढील माल थांबवता येईल, किंवा संपूर्ण कर्ज एकदम परत मागता येईल. पुढे भांडण उभे राहते ते याच वाक्यावरून, कारण आकडा लिहिलेला असतो, पण तो कोणत्या रकमेशी, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या वहीनुसार ताडून पाहायचा हे लिहिलेले नसते.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ नुसार ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार निरर्थक ठरतो. त्या कलमाखालीच एक उदाहरण दिले आहे: ‘माझा पांढरा घोडा पाचशे किंवा हजार रुपयांना’ विकण्याचे ठरले, तर दोहोंपैकी कोणती किंमत हे कळत नसल्याने करार टिकत नाही. मर्यादेचे कलम संदिग्ध असले म्हणून संपूर्ण करार रद्द होईलच असे नाही. परंतु जे कलम आपल्या संरक्षणासाठी घातले, तेच ऐन वेळी उपयोगी पडणार नाही. म्हणून ‘मोठी रक्कम’, ‘लक्षणीय थकबाकी’, ‘वाजवी खर्च’ असे शब्द मर्यादेच्या जागी वापरू नयेत.

प्रथम ठरवावे ते हे की रकमेत काय मोजायचे. समजा, करारात ‘बिलाची रक्कम २५,००,००० रुपयांहून अधिक असल्यास बँक हमी द्यावी लागेल’ असे म्हटले आहे आणि रुईचे बिल २४,००,००० रुपयांचे आहे. त्यावर ५ टक्के जीएसटी धरला की बिल २५,२०,००० रुपये होते. करासह मोजले तर हमी हवी, कराविना मोजले तर नको. आणि दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा अर्थ प्रामाणिकपणे खरा मानू शकतात. कायदा असे मोघम ठेवत नाही. आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिलाची (माल नेताना ऑनलाइन काढाव्या लागणाऱ्या दस्तऐवजाची) ५०,००० रुपयांची मर्यादा सांगताना नियमातच स्पष्ट केले आहे की मालाच्या किमतीत आकारलेला कर धरायचा, मात्र त्याच बिलातील करमुक्त मालाची किंमत वगळायची. आपल्या करारातही कर, वाहतूक, हमाली, अडत आणि विमा यांतील काय धरायचे व काय वगळायचे ते नाव घेऊन लिहावे.

दुसरा प्रश्न एका व्यवहाराचा की एकूण बेरजेचा. एका अडत्याकडे ६ लाख, ७ लाख आणि ५ लाख अशी तीन बिले थकली असतील आणि मर्यादा १० लाखांची असेल, तर ‘कोणतेही एक बिल’ या शब्दांनी मर्यादा ओलांडली जात नाही. ‘सर्व बिलांची एकत्रित येणे बाकी’ या शब्दांनी मात्र ती १८ लाखांवर जाते. आपल्याकडे एकाच कुटुंबाच्या दोन-तीन फर्म असणे नेहमीचे आहे. वडिलांच्या नावाची एक, मुलाच्या नावाची दुसरी. माल कधी एकीच्या नावे जातो, कधी दुसरीच्या. या सर्वांची बाकी एकत्र धरायची असेल, तर प्रत्येक फर्मचे नाव करारात यावे आणि प्रत्येकीची सही असावी. सही नसलेल्या फर्मवर तो करार आपोआप बंधनकारक होत नाही.

कर्जाच्या करारात याहून अधिक जपावे लागते. ‘थकबाकी’ म्हणजे फक्त मुद्दल, मुद्दल आणि व्याज, की त्यात दंड व इतर आकारही, हे व्याख्येत असले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बँकांना दंडात्मक व्याज लावण्यास मनाई केली. दंड हा ‘आकार’ म्हणून वेगळा घ्यायचा आणि त्यावर पुढे व्याज चढवायचे नाही. त्यामुळे ‘थकबाकी म्हणजे मुद्दल, व्याज व दंडव्याज’ अशी जुन्या मसुद्यातून उचललेली व्याख्या बँकेच्या नव्या करारात दिसली, तर ती बदलून मागावी. कॅश क्रेडिटमध्ये आणखी एक फरक असतो, जो अनेक कर्जदारांच्या उशिरा लक्षात येतो. मंजूर मर्यादा २ कोटींची असली, तरी महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे मालाची किंमत व ग्राह्य येणी धरून, त्यातून न चुकवलेली देणी व मार्जिन (कर्जदाराने स्वतः घालायचा वाटा) वजा करून, निघणारी ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्षात उचलता येणारी रक्कम, १ कोटी ४० लाखच असू शकते. अशा वेळी १ कोटी ६० लाखांची उचल मंजूर मर्यादेच्या आत असूनही ड्रॉइंग पॉवरच्या २० लाखांनी वर असते. ही स्थिती सलग ९० दिवस राहिल्यास खाते अनुत्पादक, म्हणजे थकीत (एनपीए), ठरू शकते. म्हणून ‘मंजूर मर्यादा किंवा ड्रॉइंग पॉवर, यांपैकी जी कमी असेल ती’ हे शब्द कलमात आहेत का, ते सही करण्यापूर्वी पाहावे.

मोजणीचा दिवस खानदेशात विशेष महत्त्वाचा आहे, कारण इथला व्यापार हंगामी आहे. दसरा-दिवाळीपासून कापसाची खरेदी सुरू झाली की जिनिंगची उचल वाढत जाते आणि पावसाळ्यात ती खाली येते. अशा उद्योगाला ‘कोणत्याही दिवशी कर्ज दीड कोटींच्या वर जाऊ नये’ ही अट आणि ‘३१ मार्च रोजी कर्ज दीड कोटींच्या वर असू नये’ ही अट, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कर्जदाराने सरासरीची किंवा वर्षाखेरची मोजणी मागावी, अथवा हंगामासाठी वेगळी, वाढीव मर्यादा तारखांसह लिहून घ्यावी. माझ्या मते वाढीव मर्यादा अधिक चांगली, कारण सरासरी काढण्याच्या पद्धतीवर पुन्हा वेगळा वाद होऊ शकतो.

‘१० लाखांपर्यंत’ आणि ‘१० लाख किंवा त्याहून अधिक’ ही दोन कलमे एकाच करारात आली, तर नेमक्या १० लाखांना दोन्ही लागू होतात. एका ठिकाणी ‘पर्यंत’ वापरल्यास दुसऱ्या ठिकाणी ‘त्याहून अधिक’ एवढेच लिहावे. नुकसानभरपाईच्या किमान मर्यादेत, म्हणजे जिच्याखालचा दावा करताच येत नाही त्या रकमेत, तर मर्यादा ओलांडल्यानंतर काय मिळते हेही सांगावे लागते. मर्यादा ५ लाखांची आणि दावा ७ लाखांचा असेल, तर पूर्ण ७ लाख मिळणार की वरचे २ लाखच, याचे उत्तर आकड्यात नसते. ते शब्दांत द्यावे लागते.

मर्यादा कायद्याशी जोडलेली असेल, तर ती बदलत राहते. वार्षिक ८ कोटींची उलाढाल असलेला उद्योग ३१ मार्च २०२५ पर्यंत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या सरकारी वर्गवारीत लघु वर्गात होता. १ एप्रिल २०२५ पासून उलाढालीची मर्यादा १० कोटी आणि गुंतवणुकीची अडीच कोटी झाल्यावर तो सूक्ष्म वर्गात येऊ शकतो. दिवाळखोरी संहितेखाली कंपनीविरुद्ध अर्ज करण्यासाठी लागणारी किमान थकबाकी २४ मार्च २०२० रोजी १ लाखावरून १ कोटीवर गेली. त्यामुळे ‘कायद्यातील मर्यादा’ असे लिहिताना ती करार झाला त्या दिवसाची की वेळोवेळी सुधारलेली, हे स्पष्ट करावे.

आकडा भारतीय पद्धतीच्या स्वल्पविरामांसह आणि अक्षरी, दोन्ही प्रकारे लिहावा. धनादेशात अंकी व अक्षरी रकमेत फरक पडल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरण्याचा नियम परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ मध्ये आहे. आपल्या करारात तसाच नियम हवा असेल, तर तो वेगळ्या वाक्याने घालावा.

या सगळ्याचा मसुदा साधारण असा होऊ शकतो: ‘येणे बाकी म्हणजे परिशिष्ट अ मधील सर्व फर्मकडून विक्रेत्यास येणे असलेल्या आणि मुदत उलटून गेलेल्या बिलांची, जीएसटीसह परंतु वाहतूक व व्याज वगळून, प्रत्येक महिन्याच्या अखेरच्या दिवशी विक्रेत्याच्या खतावणीनुसार निघणारी एकूण रक्कम. ही रक्कम १०,००,००० (अक्षरी दहा लाख) रुपयांहून अधिक झाल्यास विक्रेता लेखी सूचना देईल, आणि सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांत ती त्या मर्यादेत न आल्यास विक्रेत्यास पुढील माल थांबवता येईल.’ खतावणी एका पक्षाची असल्याने दुसऱ्या पक्षाला उतारा मागण्याचा आणि ठरावीक दिवसांत हरकत घेण्याचा हक्क त्याला जोडून द्यावा. नाहीतर मोजणारा आणि निर्णय देणारा एकच होतो.

शेवटी कराराला एक परिशिष्ट जोडावे, ज्यात खऱ्या वाटतील अशा तीन-चार बिलांवर ही व्याख्या लावून उत्तर काढून दाखवलेले असेल, त्यातील एक रक्कम नेमकी मर्यादेवर असेल, आणि उदाहरण व कलम यांत विसंगती आढळल्यास कोणते ग्राह्य धरायचे तेही लिहिलेले असेल.