नवे आजी-आजोबा, या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

"मुलं वाढवलीत की आम्ही, आता नातवंडांत काय नवीन शिकायचंय?" घोळ सुरू होतो तो या वाक्यापासून. मला चार नातवंडं. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात महिन्यांचा. एवढ्या काळात स्वतःच्या घरात आणि मित्रांच्या घरात त्याच त्या चुका इतक्यांदा पाहिल्यात की कुणी "आजोबा झालो!" म्हणून फोन केला, की अभिनंदनाआधी माझ्या तोंडात सूचनाच येतात.

हाताला धरून उचलणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मीच केली. दुसरी नात तेव्हा अडीच वर्षांची होती. आजीने एक हात धरायचा, मी दुसरा, आणि "एक, दोन, तीन" म्हणत तिला अधांतरी झुलवायचं. ती खिदळायची आणि "परत, परत" करायची. अशाच एका "परत"ला ती एकदम गप्प झाली. थोडं रडली, मग थांबली. डावा हात मात्र अंगाशी धरून बसली. चेंडू दिला तर उजव्या हाताने घेतला. डाव्या बाजूने पुढे केला, तर सगळं अंग वळवून पुन्हा उजव्यानेच. मी काय म्हणालो असेन? "नाटकं करतेय." पुढचा तासभर मी तिला हसवत बसलो.

संध्याकाळी मुलगी आली. तिने दारातूनच पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हिचा हात असा का लोंबतोय?"

डॉक्टरांनी तिचा हात मनगटाशी आणि कोपराशी अलगद धरला, जरासा फिरवला, आतून बारीकसा टक असा आवाज आला आणि झालं. दहा मिनिटांत त्याच हाताने तिने त्यांचा स्टेथोस्कोप ओढला. साधारण पाच वर्षांपर्यंत कोपरापाशी हाडाला धरून ठेवणारा पट्टा सैल असतो. मनगटाला धरून झटका दिला की हाड त्यातून निसटतं. सूज नाही, जखम नाही, त्यामुळे आपल्यासारख्या शहाण्यांना नाटक वाटतं. त्या तासाभराची लाज मला अजून वाटते. मुलीने मात्र त्यावर एक शब्दही काढला नाही, आणि ते जास्त लागलं.

तेव्हापासून मूल उचलायचं ते काखेत हात घालून. जिन्यावर ओढायचं नाही, स्वेटर काढताना बाही खेचायची नाही. आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून हात घरीच बसवायला निघालेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. कृपा करा, ते करू नका. हाड मोडलंय की सरकलंय हे तुम्हाला दिवाणखान्यात बसून कळणार नाही.

"आईला सांगू नकोस हं"

यात कसला गुन्हा, असं सगळ्यांना वाटतं. एक गोळी जास्तीची, झोपेची वेळ अर्ध्या तासाने पुढे, आणि वर डोळा मिचकावून हे वाक्य. मुलाला आपण एकदम लाडके होतो. लाडकं होण्याचा इतका स्वस्त रस्ता दुसरा नाही, म्हणून नवे आजोबा पहिल्याच आठवड्यात तो धरतात.

मीही धरला होता. थोरली पाच वर्षांची असताना दोन दिवस तिच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत होता. आम्हाला वाटलं सर्दी. तिसऱ्या दिवशी ती माझ्या कानाशी आली आणि अगदी माझ्याच सुरात, डोळा मिचकावायचा प्रयत्न करत म्हणाली, "आजोबा, नाकात मणी आहे. आईला सांगू नका हं." मणी डॉक्टरांनी काढला. (स्वतः चिमट्याने काढायला जाऊ नका, तो आणखी आत जातो. आणि एकाच नाकपुडीतून वास येत असेल तर ती सर्दी असेलच असं नाही.) मण्यापेक्षा तो सूर मला झोंबला, कारण तो मीच शिकवला होता.

आता मी काही जास्तीचं दिलं, तर मुलीला मीच सांगतो, नातवंडांच्या समोर. ती रागावते ती माझ्यावर. मुलं ते मन लावून बघतात, त्यांना आजोबांना बोलणी बसलेली फार आवडतात.

"आमच्या वेळी असं नव्हतं"

नव्हतंच. आमची मुलं पालथी झोपली आणि वाढली, हे खरं. पण ज्यांची वाढली नाहीत ते लोक असल्या गप्पांत बसत नाहीत. 1994 साली अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक होणारे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. यावर सुनेशी वाद घालण्यात काही अर्थ नाही. बाळ झोपवायचं ते उताणं, टणक गादीवर, आजूबाजूला उशी नाही, दुलई नाही.

बाकीचं पटापट सांगतो.

मध एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटावरसुद्धा नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नाही. दुधात पाणी असतं.

गरम चहाचा कप आणि मांडीवर बाळ, दोन्ही एकदम नाही.

रिमोटमधली, कानाच्या मशीनमधली बटणासारखी बॅटरी गिळली असा नुसता संशय आला तरी लगेच दवाखाना गाठा. दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. "बघू सकाळपर्यंत" म्हणायचं नाही.

तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या. वारांचे कप्पे असलेली ती डबी लहान मुलाला खुळखुळाच वाटते. आमच्याकडे ती कपाटाच्या वरच्या खणात असते आणि मला स्टूल घ्यावं लागतं. रोज चिडतो, रोज स्टूल घेतो.

पहिल्याच भेटीत मांडीवर ओढणं

बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की परकं माणूस पाहून रडतं. महिनाभराने भेटणारे आजोबा त्याच्या लेखी परकेच. पण यांना दारातच पापी हवी असते. मूल रडलं की तोंड पडतं, "मला ओळखतच नाही." मग खिशातून मोबाईल निघतो आणि कार्टून लागतं. मूल येतं, पण ते कार्टूनकडे येतं. जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा सल्ला आहे की दोन वर्षांच्या आत पडद्यासमोर बसवूच नका. तो बाजूला ठेवला तरी, फोनच्या जोरावर आलेलं मूल फोन संपला की परत जातं. इतकी घाई कसली असते, मला कळत नाही.

माझी पद्धत अगदी कंटाळवाणी आहे. धाकट्याकडे गेलो की जमिनीवर बसतो आणि त्याच्याकडे बघत नाही. जवळ एक झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवतो. झाकण लावायचं, काढायचं. आत एक चमचा. मागच्या खेपेला पंधरा-वीस मिनिटं त्याने नुसतं लांबून पाहिलं. मग पोटावर सरकत आला, मध्येच थांबून आईकडे बघितलं, पुन्हा सरकला. झाकणावर हात ठेवला. मी सोडलं नाही, त्यानेही सोडलं नाही. मग तो माझ्या गुडघ्यावर रेलला, तोंडातली लाळ माझ्या पँटवर, आणि सगळं लक्ष झाकणात.

सून आतून म्हणाली, "बाबा, चहा निवतोय." म्हटलं, निवू दे.