भावंडांच्या भूमिका घट्ट होऊ नयेत म्हणून पालकांनी काय करावे

थोरला समजूतदार, मधला हट्टी आणि शेंडेफळ लाडावलेले, ही वाटणी आपल्या घरांत मुलांचे स्वभाव पुरते कळण्याआधीच होऊन जाते. मानसशास्त्रात जन्मक्रमाला महत्त्व मिळाले ते प्रामुख्याने व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्यामुळे. मात्र अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील वीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या २०१५ सालच्या अभ्यासात बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य, मनमिळाऊपणा किंवा कर्तव्यदक्षता यांवर जन्मक्रमाचा परिणाम दिसला नाही. म्हणून जन्मक्रमावरून स्वभावाचे भाकीत करणे प्रथम सोडून द्यावे आणि घरात रोज कोणाच्या वाट्याला काय येते, याकडे लक्ष वळवावे.

त्यासाठी आठवडाभर एक साधी नोंद ठेवावी: पाहुण्यांना पाणी द्यायला हाक कोणाला मारली जाते, धाकट्याला स्कूलबसपर्यंत कोण सोडते, आणि भांडणानंतर ‘तू मोठी आहेस ना, मग तूच समजून घे’ हे वाक्य कोणाला ऐकावे लागते. अनेक घरांत ताईकडे जबाबदारी आणि दादाकडे मोकळीक जाते, हे अशा नोंदीत स्पष्ट दिसते. ते दिसल्यावर कामे खरोखर बदलावीत. बाजाराची यादी धाकट्याने करावी, तीत मीठ राहिले तर राहू द्यावे. आणि थोरलीला ताप नसतानाही कधीतरी कोणी आयते ताट वाढून द्यावे. समजूतदार म्हणवल्या जाणाऱ्या मुलांची दमणूक घरात कोणाच्या लक्षात येत नाही, ही मला या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

दुसरी काळजी तुलनेची. एक भावंड ज्यात पुढे असते, तो प्रांत दुसरे पुष्कळदा आपणहून सोडून देते, कारण त्याला घरात स्वतःची वेगळी जागा हवी असते. ‘धाकटीला गणित जमत नाही’ असे म्हणण्यापूर्वी तिने ते दादाच्या गुणांची सावली नसताना कधी करून पाहिले आहे का, हे तपासावे, आणि कौतुक करताना दुसऱ्या भावंडाचे नाव घेऊ नये.

रिमोटवरून भांडण झाले की पालक लगेच निकाल देतात आणि मुले तडजोड शिकण्याची संधी गमावतात. त्याऐवजी रिमोट बाजूला ठेवून ‘मारायचे नाही, मधे बोलायचे नाही’ एवढे नियम सांगावेत, प्रत्येकाला आपले म्हणणे मांडू द्यावे, मग समोरच्याला काय हवे आहे ते प्रत्येकाकडून वदवून घ्यावे आणि तोडगा त्यांनाच सुचवू द्यावा. तो पालकांना विचित्र वाटला, तरी दोघांनाही मान्य असेल तर चालू द्यावा. लहान मुलांना यासाठी बराच काळ मोठ्यांचा आधार लागतो.

सततची मारहाण, धमकावणे किंवा एकाच मुलाला पुन्हा पुन्हा अपमानित करणे याला मात्र भावंडांचे नेहमीचे भांडण समजू नये. तेथे मुलांना तोडगा शोधायला सांगणे अन्यायाचे ठरते. अशा वेळी त्रास होणाऱ्या मुलाला तत्काळ संरक्षण द्यावे, दोघांशी वेगवेगळे बोलावे, आणि प्रकार थांबत नसेल तर बालमानसतज्ज्ञांकडे दोघांनाही न्यावे.