पोरांकडं इंग्लंडला गेलाय आणि गाडीनं फ्रान्सला जायचंय: बोट घ्यायची का बोगदा?

सातारा, कराड, सांगलीकडची बरीच मंडळी हल्ली उन्हाळ्यात पोरांकडं इंग्लंडला जातात, आणि तिथं आठ-पंधरा दिवस बसून कंटाळा आला की पोरगंच म्हणतं चला आई-आबा, गाडी काढू आणि पॅरिसला जाऊन येऊ. मग मधला समुद्र कसा ओलांडायचा हा प्रश्न येतो. बहुतेक जण एवढंच बघतात की समुद्राखालच्या बोगद्यातली ट्रेन ३५ मिनिटं आणि इंग्लंडच्या डोव्हर बंदरावरून फ्रान्सच्या कॅलेला जाणारी बोट दीड तास, म्हणजे बोगदा, विषय संपला. माझं म्हणणं असंय की मिनिटांवर ठरवू नका, गाडीत कोण कोण बसणार, पोराचं घर कुठल्या गावात आणि पलीकडं जायचं कुठं ह्यावर ठरवा.

पण सगळ्यात आधी व्हिसा. आपल्या पासपोर्टवर फ्रान्सला जायचं तर शेंगेन व्हिसा (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) वेगळा लागतो, इंग्लंडचा त्याला चालत नाही. तो निघायच्या आधी इकडंच पुण्या-मुंबईला जाऊन काढा, कारण फिरायला गेलेल्या माणसाला इंग्लंडमधून तो काढायला जमत नाही असंच धरून चाला. आणि इंग्लंडचा व्हिसा परत आत यायला चालतोय ना, तेही बघून घ्या. डोव्हरच्या बोटीला आणि बोगद्याला फ्रान्सवाले पासपोर्ट तपासतात ते इंग्लंडच्याच किनाऱ्यावर, गाडी बोटीत किंवा ट्रेनमध्ये चढायच्या आधी, त्यामुळं कागद अपुरे असले तर तिथूनच माघारी. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं फोटो आणि बोटांच्या ठशांची नवी नोंदणी टप्प्याटप्प्यानं सुरू केलीय, त्याला वेळ धरा.

आता बोगदा. पहिला गैरसमज काढा, खंबाटकीच्या बोगद्यासारखी आपली गाडी आपण चालवत त्यातनं जायचं नसतं. इंग्लंडच्या बाजूला फोकस्टन गावात गाडी ट्रेनच्या डब्यात चढवायची, हँडब्रेक लावायचा, इंजिन बंद, काचा अर्ध्या खाली, आणि गाडीतच बसून राहायचं, पाय मोकळे करायला गाडीशेजारी उभं राहिलं तर चालतं. बोगदा ५० किलोमीटरचा, त्यातला ३८ किलोमीटर समुद्राखाली, १९९४ साली सुरू झाला. खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीही नाही, डब्याची भिंत दिसते, बस. नातवंडांना वाटतं मासे दिसतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हे लई सोयीचं, जिना नाही चढणं नाही, जेवणाचा डबा उघडून चपाती-चटणी खाल्ली तरी कोण काय म्हणत नाही, आणि खायचं सोबत ठेवाच कारण ट्रेनमध्ये काही विकत मिळत नाही. वारं-पाऊस असला तरी बोगद्याला फरक पडत नाही, मात्र आत काही तांत्रिक बिघाड झाला की सगळंच खोळंबतं.

बोटीचं उलटं. गाडी खालच्या मजल्यावर लावायची आणि सगळ्यांनी वर जायचं, मधे परत गाडीकडं जाऊ देत नाहीत. त्यामुळं औषधं, स्वेटर, बाळाची पिशवी आधीच हातात घ्या. वर जायला जिने असतात, लिफ्टपण असते, पण आजी-आजोबा असतील तर बंदरात शिरताना गेटवरच सांगा म्हणजे गाडी लिफ्टजवळ लावून देतात. वर हॉटेल, दुकान, मोकळा डेक सगळं असतं, आणि मागं वळून डोव्हरचे खडूचे पांढरे कडे दिसतात ते बघण्यासारखे आहेत. गंमत म्हणजे बोगदा खणलाय तोही समुद्राखालच्या खडूच्याच थरातनं, मऊ आणि पाणी फारसं न झिरपणारा, म्हणून तर तो खणणं जमलं. पसरणी घाटात ज्यांचा जीव घाबरा होतो त्यांनी डॉक्टरला विचारून उलटीची गोळी आधीच घ्यावी, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि बोटीच्या मध्यभागी बसावं. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, समुद्रात बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क पकडलं तर बिल बघून चक्कर येईल.

आता घर कुठाय ते. लंडन किंवा डोव्हरच्या आसपासच्या केंट भागात असेल तर दोन्ही पर्याय खुले, डोव्हर आणि फोकस्टन जवळजवळच आहेत. पण पोरगं वर उत्तरेत लीड्स-मँचेस्टरकडं असेल तर फोकस्टनपर्यंत उभं इंग्लंड उतरण्यात काय अर्थ? तिकडच्याच हल नावाच्या बंदरावरून हॉलंडच्या रॉटरडॅमला रात्रीची बोट आहे, केबिनमध्ये झोपा, सकाळी तिथं उतरा. फ्रान्सच्या पश्चिमेला नॉर्मंडी-ब्रिटनीकडं जायचं असेल तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्ट्समथ बंदरावरून जा. ह्या लांबच्या बोटी महाग वाटतात, पण त्यात एका रात्रीचं हॉटेल आणि गाडी चालवायचे कितीतरी तास वाचतात, तो हिशोब कोणी धरत नाही.

पॅरिसला जायचं असेल तर कॅलेपासून तीनशेच्या आत-बाहेर किलोमीटर, सगळा हायवे. माझा सल्ला विचाराल तर जाताना बोट, येताना बोगदा, दोन सिंगल तिकिटं काढा. जाताना उत्साह असतो, पोरं डेकवर पळतात, येताना सगळे दमलेले असतात, तेव्हा ३५ मिनिटं गाडीत डुलकी काढलेली बरी. आबांना बंद जागेत गुदमरायला होत असेल तर मात्र दोन्ही वेळा बोटच, तिथं वाद नको.

बुकिंग जेवढं लवकर तेवढं स्वस्त, आणि जुलैअखेर शाळा सुटल्यावरचे शनिवार टाळा, डोव्हरला रांगा लागतात. बोगद्याचं भाडं गाडीवर असतं, माणशी नाही, म्हणून सात जणांची गाडी भरून जाणाऱ्यांना ते वाटतं तेवढं महाग पडत नाही. टपावर सामानाची पेटी लावणार असाल आणि उंची १.८५ मीटरच्या वर जात असेल तर बुकिंग करतानाच सांगा, वेगळा डबा लागतो. गाडी एलपीजीवर असेल तर बोगद्यात घेतच नाहीत. भाड्याची गाडी असेल तर परदेशात न्यायची परवानगी कंपनीकडून लेखी घ्या.

खाण्याचं: इंग्लंडमधून युरोपात मटण-चिकन आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तूप-पनीरसुद्धा. कंदी पेढे लेकाच्या घरीच संपवून निघा, अधिकाऱ्यापुढं वाद घालायला नको. चपात्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा बिनधास्त.

पलीकडं उतरल्यावर गाडी उजव्या बाजूनं चालवायची. गाडीवर यूके स्टिकर, आत रिफ्लेक्टर जॅकेट आणि त्रिकोण हवाच, आणि हेडलाइटला समोरच्याच्या डोळ्यावर उजेड जाऊ नये म्हणून स्टिकर लावतात तेही लावा. हायवेला वेगमर्यादा १३०, पावसात ११०. टोलची खिडकी येते डाव्या बाजूला, म्हणजे पैसे भरायचं काम शेजारी बसणाऱ्याचं, तिथं कार्ड घेऊन जागा राहणारं माणूस बसवा. आणि फ्रान्सचं घड्याळ इंग्लंडच्या एक तास पुढं असतं, परतीच्या तिकिटावरची वेळ तिथली असते, त्याप्रमाणं निघा.